उशीर कुणाचा, उशीर कुणाला

रांगेत अडकून पडलेल्या माणसालाच ‘तुझ्यामुळे उशीर होतोय’ असं तुम्ही कधी सुनावलंय का?

नाही म्हणायची घाई करू नका. बँकेत खिडकीमागचा माणूस चहाला गेलेला असतो आणि आपण चिडतो ते आपल्या पुढं उभ्या असलेल्या म्हातारीवर, कारण ती दिसते. रिकामी खुर्ची दिसत नाही. मी जे सांगणार आहे ते याहून फार वेगळं नाही. फक्त ते एका लोखंडी पेटीत घडलं, आणि त्या पेटीपायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत मी काम करते. आम्ही कारखान्यांसाठी पेट्या बनवतो. पेटीत एक लहानसा संगणक असतो. दिवे, बटणं, सेन्सर, पडदा असं सगळं त्याला जोडलेलं असतं आणि कोणतं यंत्र कधी चाललं, कधी थांबलं याचा हिशेब तो ठेवतो. त्या संगणकाच्या सगळ्यात आतल्या, सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या भागाला कर्नल म्हणतात. आणि एकेका उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा जो तुकडा कर्नलमध्ये असतो त्याला म्हणतात ड्रायव्हर. मी त्या ड्रायव्हरांमधले दोष काढते.

हे आईला समजावून सांगितलं ती माझी चूक. तिनं विहारात जाऊन सांगितलं की पोरगी कर्नलकडं कामाला आहे.

“मिल्ट्रीत हाय का काय?” शेजारच्या मावशींनी विचारलं.

“मिल्ट्रीचं नाय माहीत. पण कर्नलच्या ड्रायव्हर लोकांची भांडणं लागतेत, ती सोडवती.”

“मंग कँटीनचं सामान भेटत आसंल की! एक कुकर सांगून ठेवा.”

त्या कुकरची चौकशी अजून थांबलेली नाही. पण भांडणं सोडवते हे आईनं अगदी बरोबर सांगितलं होतं. जयंतीच्या मंचावर एकच माईक असतो. ज्याच्या हातात तो असतो त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येणार नाही, म्हणून हा नियम. कर्नलमध्ये अशा माईकला लॉक म्हणतात. दोन ड्रायव्हरांना एकच तार वापरायची असेल तर आधी लॉक घ्यायचं, काम उरकायचं, लॉक सोडायचं. घोटाळा कधी होतो? वक्ता माईक हातात घेतो आणि मग खिशात चष्मा शोधायला लागतो. ह्या खिशात नाही, त्या खिशात नाही. माईक मात्र सोडत नाही. समोर बसलेले लोक वैतागून पुढच्या वक्त्याकडं बघतात, की हा कधी उठणार? तो बिचारा केव्हाचा उठून उभाच असतो.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील सरकारी नोकरीत होते आणि नोकरीबाहेरचा त्यांचा सगळा वेळ चळवळीत जायचा. गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत पत्रकं छापून यायची. आम्ही भावंडं ती घडी घालून शंभराचे गठ्ठे करायचो. बोटांना शाई लागायची ती भाकरीला पण लागायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि लिहायला शिकले ती पत्रकांच्या मसुद्यांवर. वडलांच्या हातात लाल पेन असायचं. मी लिहिलं, ‘वस्तीवर अन्याय झाला’, की ‘झाला’वर काट.

“पाऊस होतो, सर्दी होते,” ते म्हणायचे. “अन्याय होत नसतो, कुणीतरी करतं. कुणी केला?”

“माहीत नाही, पप्पा.”

“मग जाऊन विचारून ये. तोवर कागद फुकट घालवू नकोस.”

आणि पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव. ते नाव टाकल्यामुळे वडलांना चौकीत बसवून ठेवल्याचं मला आठवतं. पुढच्या पत्रकावर ते नाव आणखी ठळक आलं होतं. अशा घरातून मी इंजिनिअर झाले. राग आणि व्याकरण दोन्ही घेऊन आले, आणि दोन्हीनं मला एका जागी स्वस्थ बसू दिलेलं नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या साहेबांनी बोलावलं. कंपनी त्यांनीच शून्यातून उभी केलेली. अजूनही कुणी आजारी पडलं तर स्वतः तारांना सोल्डरिंगचे डाग द्यायला बसतात.

“वाळूजच्या कारखान्यातून फोन होता. एक ऑपरेटर बाई म्हणतेय, पेटी खोटं दाखवते. जाऊन ये, बघितल्यासारखं कर आणि ‘पेटीत दोष आढळला नाही’ एवढं पत्र देऊन टाक.”

“आढळला तर?”

“अगं, तीच पेटी बाकीच्या सगळ्या स्टेशनांवर आहे. तिथं कुणाची तक्रार नाही. एकट्या हिचंच कसं बिघडतं?”

“तेच बघायला पाहिजे ना, एकट्या हिचंच कसं.”

“झालं हिचं सुरू,” साहेब पंख्याला म्हणाले.

कारखान्यात गाड्यांना लागणारे रबराचे सील बनतात. भट्टीतून निघालेला सील पट्ट्यावरून येतो, ऑपरेटरच्या समोर थांबतो, दिवा लागतो. तिनं बघायचं. चांगला असेल तर हिरवं बटण, फाटका असेल तर लाल. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते पेटी मोजते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गेला की वर टांगलेल्या पडद्यावर तिच्या स्टेशनापुढं, म्हणजे तिच्या कामाच्या जागेपुढं, लाल अक्षरं उमटतात. लाल अक्षरं फार झाली की नोटीस. ह्या बाईंना दोन नोटिसा मिळाल्या होत्या. कंत्राटावरच्या कामगाराला तिसरी मिळाली की महिनाअखेरीला काम बंद, आणि ती तिसरी तयार होती.

बाई गंगापूरकडच्या एका गावातून रोज जीपनं येणाऱ्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. त्यांचं स्टेशन भट्टीच्या अगदी तोंडाशी होतं. मी जवळ गेले तशी धग अंगावर आली.

“तुमी पेटीवाल्या का?” माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं. नजर पट्ट्यावर, हात बटणावर.

“हो.”

“मंग पेटीला इचारा, माह्या हातावर तिचा काय राग हाय.”

“तुम्हाला काय वाटतं, काय होत असेल?”

“बटनाची स्प्रिंग ढिली झाली आसंल. मनून म्या जोरात हानते.” त्यांनी मनगट पुढं केलं. सुजलं होतं. “सुपरवायझर मनतेत तुमचं ध्यान नसतं. आता ध्यान नाय मनावं तर डोळं बी मिटत नाय म्या. समोरून नवरा गेला तरी वळखू नाय यायचा.”

“इथं कशाला येईल तुमचा नवरा?”

“त्येच तर. यायचा नाय मनूनच लक्ष कामात हाय.”

सुपरवायझर पोरगेलासा होता, अदबीनं बोलणारा. “मॅडम, मी कुणाचं नाव लिहीत नाही,” तो म्हणाला. “स्क्रीन लिहिते. मशीनला काय, ना जात ना गाव.”

हे वाक्य मी याआधीही ऐकलंय, वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या खुर्च्यांवरून. मी वर बघितलं. पडद्यावर लाल अक्षरं होती: ‘ऑपरेटरचा उशीर’. हे भाषांतर आमच्या साहेबांनी स्वतः केलेलं. मराठी पडदा देणारी आमची पहिली कंपनी, याचा त्यांना केवढा अभिमान.

मी तिथंच उभी राहिले. दिवा लागायचा, बाईंचा तळहात आपटायचा. बहुतेक वेळा पडदा गप्प. मग मध्येच, अगदी तितक्याच झटकन हात पडलेला असताना, लाल अक्षरं. माझ्या डोळ्यांना तर काही फरक दिसत नव्हता. पण डोळ्यांचा पुरावा कोण मानतं? बाईंचे डोळे कुणी मानले नव्हते, माझे तरी का मानावेत?

पेटीत कर्नलची स्वतःची तक्रारवही असते. आत काही फार वेळ अडकलं की तो आपण होऊन ओरडतो. मी ती चाळली. बटणाच्या ड्रायव्हरच्या नावानं कर्नल कितीदा तरी ओरडला होता: हे काम अडकून पडलं आहे. मला बरं वाटलं. दोषी सापडला. त्या स्टेशनच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि वाळूजहून चिकलठाण्यापर्यंत स्कूटर अशी दामटली की मधले सिग्नल आठवत नाहीत.

मग बटणाचा ड्रायव्हर सोलून काढला. ओळ न् ओळ वाचली. ठिकठिकाणी पाळत लावली, की इथं आला, इथून गेला. ऑफिसातल्या टेबलावर तसलीच पेटी, तसलंच बटण. दाबतेय, दाबतेय, दाबतेय. एकदाही उशीर नाही. ड्रायव्हर शहाण्या मुलासारखा वागत होता. मला बसवेना. दोन ओळी वाचल्या की उठायचं, गच्चीवर एक फेरी, खाली यायचं, पुन्हा दोन ओळी. जेवणाचा डबा उघडून तसाच राहायचा. साहेब दारातून डोकावायचे.

“पत्र झालं का?”

“नाही.”

“दोष सापडला?”

“नाही.”

“मग सापडला नाही असंच लिहायचंय ना!”

घरी ताटावर बसले तरी पाय हलत असायचा. आई म्हणाली, “कर्नल रागावला का?” वडील वाचत होते. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

महिनाअखेर जवळ येत होती. शेवटी मी ठरवलं, निदान अर्धवट तरी काही लिहून कारखान्याला तिसऱ्या नोटिशीपासून थांबवावं. कागद घेतला, पहिलं वाक्य लिहिलं: ‘बटणाच्या ड्रायव्हरचा उशीर होत असल्यामुळे...’

आणि थांबले.

‘चा’. हा ‘चा’ मी कुठून आणला? कर्नल काय म्हणाला होता? हे काम अडकून पडलं आहे, एवढंच. अडकलेल्याचं नाव त्यानं सांगितलं. अडकवलं कुणी, हे त्यानं सांगितलंच नव्हतं. लॉकसाठी ताटकळत उभा असलेला दिसतो म्हणून कर्नल त्याचं नाव घेतो. माईक धरून चष्मा शोधणाऱ्याचं नाव घेत नाही. बटणाच्या ड्रायव्हरला उशीर होत होता. ‘ला’. एका प्रत्ययानं मी त्याला आरोपी करून ठेवलं होतं, आणि सगळी पाळत त्याच्यावरच लावली होती. जो थांबलाय त्यालाच विचारत बसले होते, बाबा रे तू का थांबलास. वाळूजला बाईंच्या डोक्यावर टांगलेली लाल अक्षरंही नेमकं हेच करत होती.

मग पाळत बदलली. बटणावरची काढली आणि लॉकवर लावली: कुणी घेतलं, कुणी सोडलं. घेणारे दोघंच होते. एक बटण, दुसरा भट्टीची धग मोजणारा तापमापक. दोघं पेटीतल्या एकाच तारेवर बसलेले. बाकीच्या स्टेशनांवर तापमापक नाहीच. भट्टीच्या तोंडाशी एकच स्टेशन, म्हणून तापमापक एकच. ‘एकट्या हिचंच कसं’ याचं उत्तर ते होतं. सगळ्यात जास्त धग जिथं, तिथंच बाईंना बसवलेलं, आणि तिथलीच पेटी सगळ्यात वेगळी.

पण माझ्या टेबलावर तर तापमापकही होता, आणि तो पटकन लॉक सोडत होता. वाळूजला नि इथं फरक काय? धग.

ऑफिसच्या खाली ब्युटी पार्लर आहे. मी तिथं जाऊन केस वाळवायचं यंत्र मागितलं. पार्लरवाल्या ताईंनी माझ्या घट्ट वेणीकडं पाहिलं.

“तुमचे तर कोरडे दिसतेत, मॅडम. कुणाचे वाळवायचेत?”

“सेन्सरचे.”

“काय माहीत बाई. परत आणून द्या म्हणजे झालं.”

गरम हवा तापमापकावर सोडली. थोड्या वेळानं तो उत्तर द्यायचं विसरायला लागला. आणि त्याचा ड्रायव्हर काय करत होता? लॉक हातात धरून पुन्हा विचारत होता, उत्तराची वाट बघत डुलकी काढत होता, पुन्हा विचारत होता. तोवर बटण दाबलं की बटणाचा ड्रायव्हर धावत यायचा, हिरवं दाबलं की लाल हे बघायला त्याला तीच तार लागायची, आणि लॉक मिळेपर्यंत दाराशी ताटकळायचा. त्यात दुसरी गफलत अशी, की बटण दाबल्याची वेळ तो दार उघडल्यावर, म्हणजे लॉक मिळाल्यावर, लिहायचा. दार वाजलं तेव्हाची नाही. मधला सगळा वेळ बाईंच्या खात्यावर.

मी जागच्या जागी उडी मारली. शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला, तो मीच पुसला.

दुरुस्ती लहान होती. तापमापकाच्या ड्रायव्हरनं दर खेपेला लॉक सोडायचं आणि मग वाट बघायची. बटणाच्या ड्रायव्हरनं वेळ लिहायची ती दार वाजताक्षणी. साहेबांनी बघितलं, केस वाळवायचं यंत्र स्वतः हातात धरून तापमापक तापवला, बटण दाबलं. उशीर गायब.

“वा!” ते मनापासून म्हणाले. “फर्स्ट क्लास. पुढच्या अपडेटमध्ये घालून टाकू. सगळ्या पेट्यांना जाईल. विषय संपला.”

“आणि पत्र?”

“पत्र कशाला आता? दोषच राहिला नाही.”

“दोष होता, साहेब. त्याच्या दोन नोटिसा बाईंच्या फायलीत आहेत. अपडेट पेटीत जाईल, फायलीत जाणार नाही.”

ते खुर्चीत मागं रेलले. वाईट माणूस नाही तो. पेट्या परत आल्या तर आमच्यापैकी कितीजणांना घरी पाठवावं लागेल याचा विचार त्यांच्या कपाळावर दिसत होता, आणि तो विचार खोटा नव्हता.

“हे बघ, आपण छोटे लोक. कागदावर ‘आमची चूक’ लिहिलं की मोठी कंपनी आपल्याला उद्या बाहेर काढते. तू इंजिनिअर आहेस की पत्रक काढणारी?”

“पत्रकाच्या खाली निदान छापणाऱ्याचं नाव असतं, साहेब. ह्या पडद्याच्या खाली कुणाचंच नाही. फक्त तिचं.”

मी तिथंच थांबू शकले नाही. “आणि वर ‘ऑपरेटरचा उशीर’ लिहिलंय ते?” मी म्हणाले. “ते तुम्ही लिहिलंय.”

“त्यात काय चूक? ऑपरेटर डिले. ऑपरेटरचा उशीर. मला दहावीला मराठीत चांगले मार्क होते!”

“तुम्हाला ट्रॅफिकमुळे उशीर झाला तर तो तुमचा उशीर का?”

“माझाच. बायको तरी असंच म्हणते,” ते म्हणाले, आणि हसू आल्यामुळे आणखी चिडले. “जा आता. विचार करू दे.”

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी नोकरी सोडायचं मनात लिहून ठेवलं होतं, खोडून परत लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली उचलली. “चल वाळूजला. कागद नंतर. आधी दाखवू. दाखवल्यावर त्यांना पटलं तर लिहू.”

मी एक साधी जुळणी केली होती. बटणाला थेट दुसरा एक दिवा जोडला, पेटीशी काही संबंध नसलेला. बटण दाबलं की तो लागणार, मध्ये कुणी नाही. जुने ड्रायव्हर पेटीत तसेच ठेवले. मोबाइल स्लो मोशनच्या चित्रणावर लावून असा उभा केला की बाईंचा हात, तो दिवा आणि वरचा पडदा एका चौकटीत यावेत. एचआरचे अधिकारी आले, सुपरवायझर आला, साहेब घाम पुसत उभे.

“मी काय करू?” बाईंनी विचारलं.

“रोज करता तेच.”

“आपटू का हळू दाबू?”

“हळू. मनगट सांभाळून.”

भट्टी तापलेली होतीच. थोड्याच वेळात पडद्यावर लाल अक्षरं आली. आम्ही चित्रण मागं नेऊन बघितलं. बाईंचा हात खाली येतो, साधा दिवा लागतो. मग काहीच नाही. मग काहीच नाही. हात परत वर जातो. मग कुठं पडदा जागा होतो आणि लिहितो: ‘ऑपरेटरचा उशीर’.

सुपरवायझरनं ते पुन्हा बघायला मागितलं. मग म्हणाला, “मी त्यांना किती बोललो, मॅडम.”

“मला काय सांगता? त्या इथंच आहेत.”

तो वळला, पण बाईंचं लक्ष पट्ट्यावर होतं. “पुढचा सील येऊ द्या आधी,” त्या म्हणाल्या.

एचआरच्या अधिकाऱ्यांनी तिसरी नोटीस देणार नाही असं तिथंच जाहीर केलं. साहेबांचा चेहरा सैल झाला. मग मी आधीच्या दोन नोटिसांचं विचारलं.

“त्या राहू द्या. त्या वेळच्या माहितीनुसार त्या बरोबर होत्या.”

“मंग तसं लिहा की सायेब,” बाई म्हणाल्या. “अमक्या तारखेपातुर बाई ढिली होती. मंग पेटी सुधारली, तशी बाई बी सुधारली.”

सुपरवायझर खोकला. ते हसणं होतं.

“अहो बाई, नोकरी राहिली ना तुमची? मग?”

“राहिली मंजे? म्या कुटं सोडली व्हती?” त्यांनी हिरवं बटण हळूच दाबलं. “पुढच्या टायमाला माणसं कमी करायची निघाली, की कुणाची फाइल वर काढतेल? जिच्यात दोन कागद हायेत तिचीच ना?”

यावर अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

परत येताना साहेबांनी पहिल्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, “तुझं पत्र आण. सही मी करतो. माझ्या नावानं जाऊ दे.” आणि जरा वेळानं, “पडद्यावर काय लिहायचं मग? ‘ऑपरेटरला उशीर’?”

“‘नोंद उशिरा’. कुणाचंच नाव नको, जोवर कळत नाही तोवर.”

“रुक्ष वाटतं,” ते कुरकुरले. पण बदललं.

पत्र गेलं. त्यात काय बिघडलं होतं, कुठल्या स्टेशनवर, आणि त्या स्टेशनवरच्या आधीच्या सगळ्या नोंदी भरवशाच्या नाहीत, हे साध्या शब्दांत लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. बाई अजून त्याच स्टेशनवर आहेत, मनगटाची सूज उतरलीय. दोन नोटिसा अजून त्याच फायलीत आहेत. हे लिहिताना मी तिसऱ्यांदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आले.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या कारखान्यात असा पडदा टांगलेला असेल तर उद्या पाळीला गेल्यावर हात, दिवा आणि पडदा एका चौकटीत घेऊन चित्रण करा. मोबाइल आत नेऊ देत नसतील तर परवानगी एकटीनं मागू नका, चौघी मिळून मागा. तुमच्यासमोर मोजून दाखवल्याशिवाय ‘उशीर’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. आणि तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसत असाल, तुमच्या कपाटात अशी एखादी फाइल असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा, ती फाइल बाहेर काढा, त्या नोटिसा मागं घेतल्याचं लिहा, त्याखाली स्वतःचं नाव घाला, आणि त्याची प्रत त्या बाईच्या हातात द्या.